मान राखणारी खुर्ची

खुर्ची टेम्पोतून उतरली तेव्हा किन्हवलीत पहिली बातमी पसरली ती ही, की मनोजची बायको रविना सलून काढतेय. यात गावाची काही चूक नव्हती. खुर्ची सलूनचीच होती. गावच्या न्हाव्याने, जीवनने, आपलं दुकान बंद करून कल्याणला बस्तान हलवलं, तेव्हा त्याची जुनी खुर्ची मान टेकायच्या उशीसकट रविनाने मागून आणली होती. ती पडवीत ठेवून अर्धा तास होतो न होतो तोच एक गृहस्थ गाल ओले करून येऊन बसलेसुद्धा. "हलक्या हाताने मारा," ते डोळे मिटून म्हणाले. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचं उद्घाटन इतक्या विश्वासाने दुसऱ्या कोणी केलं नसेल.

प्रकल्प तसा साधा होता. म्हणजे कागदावर साधा होता. कागदावर तर तालुक्यातल्या प्रत्येक नळाला रोज पाणी येतं.

रविनाच्या सासूबाई, गुणाबाई, गेल्या कापणीत बांधावरून पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. आता एकदा उभ्या राहिल्या की काठी टेकत पार गोठ्यापर्यंत जायच्या. पण बसल्या जागेवरून उठणं काही त्यांना जमत नसे. दर खेपेला रविनाने काखेत हात घालून उचलायचं. दिवसातून दहा वेळा सासू आणि वीस वेळा दीड वर्षाची रुपा. एवढं वजन उचलणाऱ्या बाईला बक्षीस देतात असं रविनाने कुठेतरी वाचलं होतं. तिला प्रकल्प मिळाला.

बसलेल्या माणसाच्या हातावर गोल चिकट्या लावायच्या. त्याने हाताचा स्नायू आवळला की आत विजेची बारीकशी लहर उठते. ती लहर पेटीने ओळखायची, पेटीने मोटरला सांगायचं, मोटरने खुर्ची मागून वर उचलत पुढे कलवायची, आणि माणूस आपोआप पायांवर. रुपाच्या वेळी रविनाचं शिक्षण दोन वर्षं थांबलं होतं आणि पदवी पुरी करायची विद्यापीठाची मुदत या मे महिन्यात संपत होती. थोडक्यात, गुणाबाई खुर्चीतून उठल्या तर रविना इंजिनीअर. नाही उठल्या तर बारावी पास.

"बटण लावायचं ना मंग," शेजारच्या ठकीकाकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्या उंबऱ्यावर बसून वाल सोलत होत्या. "दाबलं का उठली. येवढं चिकटवाचिकटवी कशाला गो?"

रविनाने हा प्रश्न अगदी भोळेपणाने कॉलेजात गाईड सरांना विचारला. शहापूरहून मुरबाडकडे जाताना माळावर जे कॉलेज दिसतं आणि लांबून पोल्ट्री वाटतं, ते तिचं कॉलेज. सरांनी चष्मा काढला. "बटणाला मार्क नसतात," ते म्हणाले. एवढं खरं बोलणारा शिक्षक रविनाला त्याआधी भेटला नव्हता.

प्रकल्पात रविनाचा एक जोडीदारही होता, पंकज. तो सापगावहून मोटरसायकलवर यायचा, तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण खायचा, आणि लॅपटॉप उघडून मेंदूचं रंगीत चित्र दाखवायचा. खुर्चीचा मेंदूशी काय संबंध, असं रविनाने एकदा विचारलं. "पीपीटीला लुक येतो," तो म्हणाला.

आधी घोडं अडलं ते परवानगीपाशी. जिवंत माणसावर प्रयोग म्हटल्यावर कॉलेजला एक नमुना अर्ज भरून हवा होता. असा अर्ज कॉलेजात कोणी याआधी पाहिलाच नव्हता, म्हणून कारकुनाने कुठल्याशा औषधनिर्माण कॉलेजातून मागवून दिला. तिथे प्रयोग सशांवर चालत. त्यामुळे रकाने असे होते: प्राण्याचे वय, प्राण्याचे वजन, पिंजऱ्याचे माप, दैनंदिन खाद्य, आणि प्रयोगानंतर प्राण्याची विल्हेवाट कशी लावणार.

"भरा तसाच," कारकून म्हणाला. "नमुना बदलायचा तर कमिटी बसते. कमिटी मागच्या जूनपासून बसलेली नाही."

रविनाने रुपाला मांडीवर निजवून, एका हाताने थोपटत, दुसऱ्या हाताने अर्ज भरला. पिंजऱ्याचे माप: दोन खोल्या, पडवी व मागील दार. खाद्य: तांदळाची भाकरी.

"सुकट लिवलीस का?" गुणाबाईंनी खुर्चीतून विचारलं.

"लिहिली, आई."

"आनि ते शेवटचं काय इचारतात?"

"काम झाल्यावर तुमचं काय करणार, असं विचारलंय."

गुणाबाईंनी बराच विचार केला. "लिव, मुरबाडला लेकीकडं चार दिवस धाडणार."

तसं लिहिलं. अर्ज मंजूर झाला. फक्त सोबत ग्रामपंचायतीचा 'हरकत नाही'चा दाखला जोडावा, असा शेरा आला. हा दाखला म्हणजे किरकोळ बाब, असं रविनाला त्या दिवशी वाटलं. माणूस तरुण असला की असं वाटतं.

मग खुर्चीची शिकवणी सुरू झाली. पेटीला आधी शिकवावं लागतं, की बाई, ही लहर आली की उठायचं. त्यासाठी गुणाबाईंनी उजवी मूठ रोज शंभर वेळा आवळायची. पहिल्या दिवशी त्यांनी आठ वेळा आवळली आणि विचारलं की यात काय मिळतं. दुसऱ्या दिवशी चिकट्या काही केल्या हाताला चिकटेनात. लावली की घसरे, लावली की घसरे. एक तर रुपाच्या गालावर जाऊन बसली आणि तिथे मात्र घट्ट धरली. पंकजने वायर बदलल्या, पेटी बदलली, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. संध्याकाळी कळलं की गुणाबाईंनी सकाळीच दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळलं होतं.

"चार लोकं हात धरून बघनार," त्या म्हणाल्या. "कोरडा हात कसा दाखवायचा?"

हा भाग कुठल्याच पुस्तकात नव्हता. रविनाने साबणाने त्यांचा हात धुतला, पुसला, आणि मनगटाजवळचं जुनं गोंदण पाहत क्षणभर तसाच धरून ठेवला. मग पुन्हा चिकट्या लावल्या.

आठ दिवस झाले. गुणाबाई मूठ आवळत; खुर्ची ढिम्म. कधी मूठ अर्धी, कधी पाऊण, कधी बोलता बोलता विसरलेली. पेटीला कळेना की ही बाई उठू पाहतेय की कोणावर रागावलीय. पडवीत तर दिवसभर राबता. सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने खुर्चीचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं. एकाने मोटर पाणी ओढणारी लावा म्हणून सांगितलं, म्हणजे उन्हाळ्यात भेंडीच्या मळ्यालाही उपयोगी पडेल. मनोज पडघ्याच्या गोदामातली पाळी संपवून घरी यायचा, खुर्चीभोवतीची गर्दी पाहायचा आणि मागच्या दाराने आत जायचा. त्याचंही बरोबर होतं. स्वतःच्या घरात शिरायला नंबर लावायची त्याला सवय नव्हती.

नवव्या दिवशी विठूआबा आले.

विठूआबा गुणाबाईंचे थोरले दीर. पंचेचाळीस वर्षं ते दारात आले की गुणाबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहत. ऑपरेशन झाल्यापासून उभं राहणं संपलं, आणि त्याची लाज गुणाबाईंपेक्षा आबांनाच जास्त. म्हणून ते अलीकडे अंगणातच खाकरायचे, बाहेरूनच "बरं हाय ना" विचारायचे आणि परत फिरायचे. त्या दिवशी मात्र खुर्ची बघायच्या नादात ते थेट पडवीत आले. गुणाबाईंचा हात डोक्याकडे गेला. पदर पुढे आला. आणि आठ दिवस दगड होऊन बसलेली ती खुर्ची घुर्रर्र करत मागून उचलली, पुढे कलली, आणि गुणाबाई पदर सावरत विठूआबांसमोर ताठ उभ्या राहिल्या.

पंकजच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

आबांचे डोळे भरून आले. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला. "हिला समज हाय," ते म्हणाले.

रविनाने त्या रात्री नव्हे, तिथल्या तिथेच लॅपटॉपवरच्या रेघा तपासल्या आणि तिला सगळं उमगलं. शंभर मुठींच्या शंभर तऱ्हा होत्या. पण शिकवणीच्या आठ दिवसांत गावातली वडीलधारी माणसं येत होती, जात होती, आणि दर वेळी गुणाबाईंचा हात पदराकडे जात होता. ती रेघ मात्र प्रत्येक वेळी तंतोतंत तशीच, जणू छापून काढलेली. पंचेचाळीस वर्षांचा सराव होता तो. पेटीने बिचारीने आठ दिवस ती मोजली आणि शहाणपणा केला: मूठ सोडली आणि पदर धरला. सुनेने सासूला आपापलं उठता यावं म्हणून यंत्र केलं होतं, आणि यंत्र आल्या आल्या घरच्या रीतीला लागलं. सून म्हणून रविनालासुद्धा तीन वर्षं लागली होती.

पुसून पुन्हा शिकवायला वेळ नव्हता. गाईड सर तर हरखले. मूठ काय, सगळेच घेतात. पदर आजवर कोणी घेतला नाही, म्हणाले. त्यांनी प्रबंधाचं नाव बदलून इतकं लांब केलं की ते मुखपृष्ठावर तीन ओळींत मावेना.

इकडे गावात निराळंच सुरू झालं. गुणाबाईंची खुर्ची माणूस ओळखते, मानाचा असेल तर उठते, ही बातमी माळापलीकडच्या पाड्यांपर्यंत गेली. सकाळपासून पिकल्या मिशांचे लोक पडवीत येऊन उभे राहू लागले. खुर्ची ज्यांच्यासाठी उठली ते छाती काढून चहा प्यायला थांबत. ज्यांच्यासाठी नाही उठली ते "कशी काय तब्येत" विचारून, आपण त्यासाठीच आलो होतो असं दाखवत निघून जात. ठकीकाकूंच्या नवऱ्यासाठी खुर्ची हलली नाही. ते गुणाबाईंपेक्षा वयाने पाच वर्षं थोर, पण नात्याने भाचे. काकूंनी दोन दिवस उंबरा बदलला.

आणि मग उपसरपंच भगीरथ आले. 'हरकत नाही'चा दाखला त्यांच्या खिशात होता, सही तेवढी बाकी. पांढरा शर्ट, मागे दोघे जण, आणि दोघांकडे मोबाइल, खुर्ची उठताना फोटो काढायला.

गुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "ये रे," त्या म्हणाल्या. "आईचा गुडघा कसा हाय?"

खुर्ची उठली नाही. भगीरथ एकदा बाहेर जाऊन पुन्हा आत आले. खुर्ची नाहीच उठली. मग त्यांना एकाएकी आठवलं की दाखल्याला विजेच्या दृष्टीने हरकत असू शकते.

"आई, एकदा घ्या ना पदर," ते गेल्यावर रविना काकुळतीला आली. "माझं वर्ष जाईल."

"त्याचं नाक मी पुसलंय, याच लुगड्याला," गुणाबाई म्हणाल्या. "त्याच पदरानं त्याला मान देऊ व्हय?"

"खोटा घ्या."

"खोटा घेऊन बगितला सकाळी. नाय उठली."

हेही खरं होतं. खोट्या पदराची रेघ वेगळी यायची. यंत्र गुणाबाईंइतकंच तत्त्वाचं निघालं होतं.

शेवटी मार्ग भगीरथांनीच काढला. उगाच माणूस उपसरपंच होत नाही. तिसऱ्या दिवशी ते आपल्या ऐंशी वर्षांच्या वडिलांना घेऊन आले. म्हाताऱ्याला मागे ठेवलं, स्वतः पुढे उभे राहिले. गुणाबाईंनी भगीरथांच्या खांद्यावरून मागे पाहिलं, पदर घेतला, खुर्ची उठली, फोटो निघाला. फोटोत म्हातारा दिसत नाही. दाखल्यावर सही झाली, तारखेसह.

परीक्षेच्या दिवशी खुर्ची भेंडीच्या टेम्पोतून कॉलेजात गेली. गुणाबाईंनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला साफ नकार दिला. त्या मागे, टेम्पोत, खुर्चीत बसल्या, मांडीवर रुपा, आजूबाजूला रिकामे क्रेट. वाटेत लोक थांबून पाहत होते. दोघातिघांनी हातही जोडले.

दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत टेबलामागे तिघं होती. विभागप्रमुख, वय बेचाळीस. गाईड सर, एकोणतीस. आणि बाहेरून आलेल्या परीक्षक, ज्यांना सगळे एक्स्टर्नल मॅडम म्हणत होते, त्या फार तर पस्तिशीच्या. गुणाबाई पदर घेतील असं वय तिघांत एकाचंही नव्हतं. तिने चार महिने वायर तपासल्या होत्या, पेटी तपासली होती. परीक्षकांचा जन्मदाखला तपासायचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"करा सुरू," विभागप्रमुख म्हणाले.

गुणाबाई तिघांकडे कौतुकाने बघत राहिल्या. "किती शिकल्यात गो पोरं," त्या रविनाला म्हणाल्या.

"आई, पदर," रविना ओठ न हलवता म्हणाली.

"कोनासाठी?"

"हे विभागप्रमुख आहेत."

"आसंल की. गुनाचा दिसतो."

पडद्यावरची रेघ आडवी. पंकजने मेंदूचं चित्र पुढे केलं. मॅडमनी ते बाजूला करायला सांगितलं. विभागप्रमुख उठून, दाराबाहेर जाऊन पुन्हा आत आले. ही युक्ती प्रत्येक पुरुषाला आपापली कशी सुचते कोण जाणे. रेघ आडवीच. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि कागदावरच्या मार्कांच्या चौकटीकडे पाहिलं. रुपा पेंगत रविनाच्या खांद्यावर रेलली होती, तिच्या गरम श्वासाने मानेवर ओल आली होती, आणि रविना मनातल्या मनात मे महिन्याचे उरलेले दिवस मोजत होती.

तेवढ्यात शिपाई धाकलू ट्रेमध्ये चहाचे तीन कप घेऊन आला.

गुणाबाईंचा हात झटकन वर गेला. पदर पुढे आला. खुर्ची घुरघुरली, उचलली, कलली, आणि गुणाबाई शिपायासमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या. धाकलू त्यांच्या नवऱ्याचा थोरला मावसभाऊ. लग्नात अक्षता वाटायला तोच होता.

"बस गो बस," धाकलू ओशाळून म्हणाला. ट्रे हातात असल्यामुळे त्याला नमस्कारही करता येईना.

विभागप्रमुखांचा चेहरा पडला. अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी धाकलूला पुष्कळदा उभं केलं होतं, पण धाकलूसाठी कोणी उभं राहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. "हे विश्वासार्ह आउटपुट नाही," ते म्हणाले. "शिपाई आला की चालतं, हा काय निकष झाला?"

मॅडम मात्र पुढे वाकल्या होत्या. त्यांनी टोपण काढलं. "आजी, कोणी आलं की तुम्ही उठता, हे दिसलं," त्या म्हणाल्या. "पण घरात कोणीच नसेल तेव्हा?"

"कोन नसताना कशाला उठायचं?" गुणाबाईंना प्रश्न खरोखरच कळला नाही.

"तुम्हाला वाटलं तर."

गुणाबाईंनी रविनाकडे पाहिलं, की या बाई काय विचारतात.

"खुर्ची त्यासाठीच आहे ना?" मॅडम आता रविनाला म्हणाल्या. "मग ते दाखवा. आपण सगळे बाहेर जाऊ. त्या एकट्या बसतील. दहा मिनिटं. उठल्या तर पास."

खुर्ची खाली घेतली. सगळे बाहेर आले, धाकलूसुद्धा. ट्रे टेबलावरच राहिला. दाराला वर चौकोनी काच होती. त्या काचेत मॅडम, विभागप्रमुख, गाईड सर आणि पंकज यांनी तोंडं बसवली आणि उरलेल्या कोपऱ्यातून रविना पाहू लागली.

खोलीत गुणाबाई एकट्या. आधी त्यांनी दाराकडे पाहिलं. मग पंख्याकडे. मग भिंतीवरच्या, घामाघूम दिसणाऱ्या थोर शास्त्रज्ञांच्या तसबिरी एकेक करून न्याहाळल्या. रविनाला आशा वाटली, त्यातले तिघे तरी पुष्कळ म्हातारे होते. पण परक्या पुरुषांच्या फोटोला गुणाबाई भीक घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. चार मिनिटं गेली. पाच. त्यांनी लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या. सहा. मांडीवरचा हात त्यांनी उलटा करून पाहिला, जसा दुसऱ्या कोणाचा असावा.

सातव्या मिनिटाला त्यांनी खोलीभर नजर फिरवली, कोणी नाही ना याची खात्री करावी तशी. पाठ ताठ केली. आणि सावकाश, अगदी नीटस, समोर कोणीतरी फार मोठं माणूस आल्यासारखा पदर डोक्यावरून पुढे घेतला.

खुर्ची उठली.

गुणाबाई उभ्या राहिल्या, काठी घेतली, टेबलापाशी गेल्या आणि विभागप्रमुखांच्या खुर्चीसमोरचा कप उचलून फुंकर न घालताच पिऊ लागल्या.

दार उघडून सगळे आत आले. "आजी, कोण आलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"कोन नाय."

"मग उठलात कशा?"

"च्या निवत व्हता," गुणाबाई म्हणाल्या, आणि उरलेला घोट संपवला.

मॅडमनी मार्कांची चौकट भरली. खाली शेऱ्याच्या जागी बराच वेळ काहीतरी लिहिलं, सही केली. गाईड सरांनी लगबगीने शिक्का मारला. विभागप्रमुख रिकाम्या कपाकडे पाहत होते. रविनाने रुपाला पंकजच्या हातात दिलं, त्याचं प्रकल्पातलं पहिलं खरं काम, आणि सासूच्या हातावरच्या चिकट्या सोडवू लागली, कातडी ओढली जाणार नाही अशा बेताने.

"काय लिवलंय तिनं?" गुणाबाईंनी हळूच विचारलं.

"'रुग्ण स्वतःच्या इच्छेने उठते.'"

गुणाबाई चपापल्या. त्यांनी पदर खाली ओढला. "इच्छा कसली गो," त्या कुजबुजल्या. "समोर च्या व्हता म्हनून. तेवढं खोडाया सांग त्यांना. गावात कोनी वाचलं म्हंजे?"

"आता नाही खोडता येत, आई," रविना म्हणाली. "शिक्का बसलाय."